दहावीच्या वर्षाला जिंजी

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचं पत्र आणि नाचणीचं पीठ दोन्ही कणकुंबीच्या बसनं पोचलं. फोनवर तुमचा अर्धा आवाज येतो आणि अर्धा पावसात जातो, म्हणून मीही लिहूनच कळवते. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. दहावीच्या वर्षाला थोरलीनं दिवाळीच्या किल्ल्यापायी अभ्यासाचे दिवस का घालवले, आणि दहावी झाली की तिला पुण्याला दादाकडं कधी धाडणार? थोडं रागानंच विचारलंय, अक्षरावरून कळतंय. पहिल्याचं उत्तर लांबेल, पण दुसऱ्याचं त्यातच आहे.

जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. त्यातले 11 महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला, जिंजी. हिनं ते कात्रण कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवलं होतं. दिवाळीला आमच्या गल्लीत दरवर्षी राजगड, प्रतापगड नाहीतर सिंधुदुर्ग. ही म्हणाली, "जिंजी कोणच करत नाहीत, आपण करूया." बाबा, महाराष्ट्राबाहेर राहिलेला एकटा किल्ला बेळगावच्या पोरीनं निवडला म्हटल्यावर तुम्हाला लगेच त्यात सीमाप्रश्न दिसणार. तिच्या मनात तसलं काही नव्हतं. दुसऱ्यानं केलेला किल्ला परत करायचा नव्हता, एवढंच.

पण जिंजी म्हणजे आपल्या सह्याद्रीसारखा कातळाच्या पायऱ्या आणि वर सपाट माथा असा डोंगर नव्हे. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायनदुर्ग असे तीन वेगळे डोंगर, तेही ग्रॅनाइटच्या गोल धोंड्यांचे ढीग, आणि तिघांना बांधणारा एक तट. पोती मातीत बुडवून टाकली की डोंगर तयार, हे इथं चालेना. मग मधल्यानं शेजारच्या बांधकामावरचे दगड मागून आणले. तट मात्र तुम्ही धाडलेल्या तांबड्या मातीचाच. आधी त्यांनी काळ्या मातीचा केला होता, वाळल्यावर भेगा पडल्या आणि बुरूज उकलून पडला. हळीव पेरलं तेही तुमच्याच मातीत आधी उगवलं.

मधल्याचं सांगायचं तर गणितात त्याला घटक चाचणीत किती पडले ते मी इथं लिहीत नाही, आईला वाचून दाखवताना तुम्हीच अडखळाल. थोरलीनं त्याला सांगितलं, राजगिरी सुमारे 240 मीटर उंच आहे, आपला 60 सेंटिमीटरचा करायचा. तर जवळजवळ 13 किलोमीटरचा तट किती लांब येईल ते तू काढ. आकडा काढून तो टेप घेऊन अंगणात गेला आणि परत येऊन म्हणाला, "अक्का, साडेबत्तीस मीटर येतंय, गटार ओलांडून रस्त्यावर जातंय की." शेवटी तट आखडता घेतला. पण भागाकार त्यानं कुणाला न विचारता केला होता. अभ्यासाला बस म्हणून मी वर्षभर ओरडते, त्यातनं हे झालं नव्हतं.

भांडणं झाली नाहीत असं समजू नका. चंद्रायनदुर्गावर मधल्याचा पाय पडला, त्यावरून दोघं जेवणाच्या ताटावरही एकमेकांशी बोलत नव्हती, आणि निरोप धाकटीमार्फत जात होते. धाकटी निरोपात स्वतःचं घालत होती, त्यामुळं भांडण आणखी वाढलं.

आणि आता धाकटीचं. ती बोलताना अडकते, हे तुम्हाला माहीत आहे. "क"वर जास्तच. मोठी झाली की जाईल, असं तुम्ही म्हणालात, जाईलही. किल्ला बघायला येणाऱ्यांना माहिती कोण सांगणार, हे ठरवताना थोरली म्हणाली, ही सांगेल. मला धडकीच भरली. कृष्णगिरी, कल्याण महाल, केळदी, सगळा "क"चाच बाजार! मी थोरलीला बाजूला घेऊन म्हटलं, अगं, लोकांसमोर तिचं हसं होईल. ती म्हणाली, "तिनंच मागितलंय. मी फक्त वाक्यं लहान केली." रोज संध्याकाळी दोघी गच्चीवर बसायच्या. घाई नाही, वाक्य अडलं तर थांबायचं, परत म्हणायचं.

किल्ल्यांच्या स्पर्धेचे परीक्षक आले त्या दिवशी बरीच गर्दी होती. धाकटीनं सांगायला सुरुवात केली. रायगडाला वेढा पडल्यावर राजाराम महाराज निसटले, 1689 मध्ये पन्हाळ्यावरून जिंजीकडं निघाले, वाटेत केळदीच्या राणी चन्नम्मानं त्यांना आसरा दिला. ही केळदीची गोष्ट खरं तर शेजारच्या हिरेमठांच्या घरातून आली. त्यांच्या मुलाच्या कन्नड पुस्तकात ती राणी आहे, मराठी पुस्तकात राजाराम महाराज आहेत. दोघांनी गॅलरीत उभं राहून दोन्ही गोष्टी जोडल्या. तर, चन्नम्मा म्हटल्याबरोबर गर्दीतले एक गृहस्थ म्हणाले, "कित्तूर चन्नम्मा, बाळ." आपल्याकडं चन्नम्मा म्हटलं की कित्तूरचीच, त्यांचं काय चुकलं? पण धाकटी थांबली. "ना-नाही. ही के... के..." आणि अडकली ती अडकलीच. माझ्याच ओठांवर शब्द आला होता. मधल्यानं तर तोंड उघडलंसुद्धा. थोरलीनं मागून त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि धाकटीकडं नुसती बघत राहिली, जशी काही जगातली सगळी सवड तिच्याकडंच आहे. धाकटीनं श्वास घेतला आणि म्हणाली, "केळदीची. कित्तूरची चन्नम्मा इंग्रजांशी लढली, 1824 ला. ही तिच्या आधीची." पुढं मोगल सरदार झुल्फिकारखानाचा जिंजीला वेढा, 1690 ते 1698, हे सगळं तिनं न थांबता सांगितलं. मधला नंतर तक्रार करत होता की अक्काच्या हाताला शेणामातीचा वास होता.

नंबर दुसरा आला. पहिला पलीकडच्या गल्लीतल्या प्रतापगडाला, त्यांनी मोटार लावून शामियाना उघडझाप करणारा केला होता. खरं सांगायचं तर त्यांचाच भारी होता. थोरलीनंही तेच म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी मोटार कशी बसवली ते बघायला मधल्याला घेऊन गेली.

आता मार्क. सहामाहीला 625 पैकी 561, त्यात कन्नडला 100 पैकी 93. विज्ञानात कमी पडलेत, पण ते दिवाळीच्या आधीचे पेपर, किल्ल्यावर ढकलू नका. पहाटे उठून अभ्यासाला बसते. नकाशे काढायचा नाद आहे, त्यामुळं समाजशास्त्राची वही इतकी देखणी आहे की बाईंनी वर्गात फिरवली. पुढं काय व्हायचंय ते रोज बदलतं. कधी आर्किटेक्ट, कधी इतिहास शिकवायचाय. सोळाव्या वर्षी ठरलेलं असावं असं मला तरी वाटत नाही.

तर पुण्याचं. दादानं मनापासून बोलावलंय आणि वहिनीही मायेची आहे, त्यात शंका नाही. पण बाबा, दादा अकरावीला पुण्याला गेला तेव्हा मी तेरा वर्षांची होते. त्याचं भलं झालं, तुमचा निर्णय बरोबरच होता, हे मी आजही म्हणते. फक्त त्यानंतर तो आमच्याकडं सणाला यायचा. आम्ही चांगलं बोलतो, एकमेकांच्या अडीनडीला धावतो, पण त्याला काय आवडतं हे मला वहिनीला विचारावं लागतं. हे तुम्हाला कधी बोलले नव्हते. कुणावर राग नाही माझा.

आणि थोरलीनं दोघांना सांभाळायला इथं राहावं, असंही मी म्हणत नाही. ते काम माझं आणि ह्यांचं. म्हणून निर्णय तिलाच विचारला. ती म्हणाली, "पीयूसी (अकरावी-बारावी) इथंच करते. मराठीतून एकदम इंग्रजीत सायन्स आणि वर नवीन घर, दोन्ही एकदम नको. मग जाते मामाकडं." मला तिचं हे पटलं. बेळगावात कॉलेजं कमी नाहीत, आणि दोन वर्षांत धाकटी पाचवीत जाईल, मधला दहावीला येईल. तेव्हा ती गेली तर भावंडांची ओळख पक्की करून जाईल.

ह्यांचंही हेच मत आहे. तुम्हाला अजून काही वाटत असेल तर जरूर लिहा, मात्र तिला दहावी होईपर्यंत विचारू नका. मार्चात परीक्षा आहे.

आई, तुझ्या गुडघ्याचं तेल संपलं असेल, पुढच्या बसला धाडते. भातकापणीला उतरू नकोस, माणसं लाव. पैसे ह्यांनी काढून ठेवलेत. गवे परत शेतात आले का ते कळव. मे महिन्यात आम्ही सगळी येऊ, तेव्हा मधल्याला विहिरीत पोहायला शिकवायचं बाबांनी कबूल केलंय, त्यानं तारीख लिहून ठेवली आहे.

दादाला मी रविवारी फोन करते. तोपर्यंत तुम्ही त्याला काही बोलू नका, नाहीतर वहिनी तिच्यासाठी खोलीला रंग द्यायला सुरुवात करेल.

तुमची लेक