विमान तयार, इंजिनच नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दुसऱ्या महायुद्धातल्या चमत्कारिक विमानांवर लेख आला. त्यात अमेरिकेच्या कर्टिस कंपनीच्या एक्सपी-५५ ‘असेंडर’ या प्रायोगिक लढाऊ विमानाला ‘वेडगळ आकाराचं, म्हणून फसलेलं’ असं म्हणून दोन ओळींत निकालात काढलं आहे. मी ठाण्यात वागळे इस्टेटच्या फाउंड्रीत पॅटर्नमेकर होतो. ओतकामाआधी लाकडात हुबेहूब आकार घडवायचा, हेच माझं आयुष्यभराचं काम. त्यामुळे या विमानाबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

आकार वेगळा होता हे खरं. प्रोपेलर मागे, पंख मागे झुकलेले आणि एलिव्हेटर, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणारी फळी, चक्क नाकावर. पण कर्टिसच्या लोकांनी तो अंदाजपंचे उडवला नव्हता. लष्कराने सुरुवातीला फक्त वायुबोगद्यातल्या चाचण्यांसाठी पैसे दिले, तेव्हा कंपनीने स्वखर्चाने पूर्ण मापाचं हलकं विमान बांधलं: लाकडी पंख, कापडाने मढवलेला नळ्यांचा सांगाडा आणि २७५ अश्वशक्तीचं छोटं इंजिन. डिसेंबर १९४१पासून मे १९४२पर्यंत कॅलिफोर्नियातल्या म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर त्याची दीडशेहून जास्त उड्डाणं झाली. विमान दिशा धरत नाही हे तिथेच कळलं आणि उभ्या शेपट्यांची जागा बदलली गेली. यापेक्षा प्रामाणिक कारागिरी कोणती?

मार बसला तो इंजिनाचा. लष्कराच्या १९४०च्या मागणीतून तीन विमानं पुढे आली: व्हल्टीचं एक्सपी-५४, कर्टिसचं एक्सपी-५५ आणि नॉर्थ्रॉपचं एक्सपी-५६. तिन्ही आखली होती प्रॅट अँड व्हिटनीच्या चोवीस सिलिंडरांच्या एक्स-१८०० इंजिनाभोवती. कंपनीने ते इंजिनच सोडून दिलं. मग जे मिळेल ते बसवा! असेंडरच्या वाट्याला ॲलिसन कंपनीचं इंजिन आलं, इतर दोघांच्या वाट्याला आणखी वेगळी. जुलै १९४३मध्ये असेंडर उडालं. नोव्हेंबरमध्ये स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल संपून विमान कोसळण्याच्या, चाचणीत ते पाठीवर उलटलं, इंजिन बंद पडलं आणि ते सोळा हजार फूट कोसळलं. वैमानिक हार्वे ग्रे पॅराशूटने वाचले. स्टॉलचा दोष आकाराचा होता, तो मी झाकत नाही. नंतर पंखांची टोकं वाढवून, एलिव्हेटरला जास्त फिरू देऊन तो बराच कमी केला गेला. पण वेगात हे विमान प्रचलित लढाऊ विमानांच्या मागे पडलं, ते मूळ इंजिन न मिळाल्यामुळे, असं माझं ठाम मत आहे.

हे इतकं जिव्हाळ्याने लिहितो, कारण आपल्या ‘मारुत’ या भारतीय लढाऊ जेट विमानाचं अगदी हेच झालं. वालचंद हिराचंद यांनी १९४०मध्ये बंगळूरला उभारलेल्या विमान कारखान्यात, स्वातंत्र्यानंतर, जर्मनीच्या फॉके-वुल्फ १९० या लढाऊ विमानाचे रचनाकार कुर्ट टांक यांनी एचएफ-२४, म्हणजेच मारुत, आखलं. तिथेही आधी पूर्ण मापाचं लाकडी ग्लायडर बनलं. १९५९मध्ये चाचणी वैमानिक सुरंजन दास यांनी ते उडवलं आणि १७ जून १९६१ला खरं मारुत झेपावलं. आखणी ध्वनीच्या दुप्पट वेगाची होती. पण आफ्टरबर्नर (मागच्या झोतात जादा इंधन जाळून जोर वाढवणारी सोय) असलेलं जे ऑर्फियस इंजिन हवं होतं, ते ब्रिटनमध्ये पूर्णच झालं नाही आणि आपण त्याच्यासाठी पैसा घातला नाही. साध्या ऑर्फियस ७०३वर भागवावं लागलं. तरीही १९७१मध्ये राजस्थानच्या आघाडीवर मारुत लढलं. सुरंजन दास मात्र जानेवारी १९७०मध्ये मारुतच्याच अपघातात गेले.

तेजसही आज परदेशी इंजिनावर उडतं. कावेरी या देशी इंजिनावर आपण १९८९पासून काम करतो आहोत. सांगाड्याची वाहवा आणि इंजिनाला दुय्यम वागणूक, ही सवय आपण कधी सोडणार?

ठाण्यातल्या शाळांच्या सहली वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात जातात. तिथे आवारात मारुत उभं आहे. शिक्षकांना विनंती, की मुलांचे फोटो काढून झाले की त्यांना मागच्या बाजूला न्या, इंजिनाची जागा दाखवा आणि ते का मिळालं नाही हे सांगा.

आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर, नौपाडा, ठाणे