नदी दिसते, पूररेषा दिसत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात गेले तीन रविवार एका रो-हाऊसची जाहिरात येतेय. ‘चिपळूण शहरात, वाशिष्ठीच्या काठी, तीन बेडरूमचं मॉडर्न रो-हाऊस, बाल्कनीतून नदीदर्शन.’ माझ्या भाचीची बदली इकडे झालीय, म्हणून आम्ही दोघं ते बघून आलो. घर छान आहे, खोटं कशाला बोलू? बाजार पाच मिनिटांवर, आणि संध्याकाळी त्या बाल्कनीत बसलं की उठवत नाही.

खाली आल्यावर मात्र पोटात गोळा आला. हॉलमधले प्लगपॉइंट जमिनीपासून वीतभर. इन्व्हर्टर जिन्याखाली. ओट्याच्या ट्रॉल्या प्लायवूडच्या. २०२१ च्या पुरात आमच्या ट्रॉल्या अशाच फुगून बसल्या होत्या, त्या काढायला पहार लागली आणि आत कुजलेल्या डाळींचा वास गणपतीपर्यंत गेला नाही. आमच्या जुन्या पिढीने घराला माळा का ठेवला, हे या बिल्डरला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

एजंटला विचारलं, “२०२१ च्या २२ जुलैला इथे किती पाणी होतं?” म्हणाला, “काका, ते शंभर वर्षांतनं एकदा येणारं पाणी. आता काळजी नाही.” मग २६ जुलै २००५ चं पाणी कुठल्या खात्यात धरायचं? त्याच्या हिशेबाने मी सोळा वर्षांत दोन शतकं बघितली.

शेजारच्या कौलारू घराच्या पडवीतल्या खांबावर कुणीतरी खिळ्याने रेघ मारून ‘२१’ कोरलंय. भाची खांबाला टेकून उभी राहिली, हात सरळ वर केला. बोटं रेघेला पोचली नाहीत.

‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी फार माणसं फसतात. जलसंपदा खातं नदीला दोन पूररेषा आखतं. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. पण नदी कॅलेंडर बघून येत नाही. ती शक्यता दर पावसाळ्यात नव्याने असते. २० वर्षांचं गृहकर्ज धरा. हप्ते फिटायच्या आत निळ्या रेषेपर्यंत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता ५६ टक्के निघते, लाल रेषेपर्यंतची १८ टक्के. त्यात आमच्या नदीत नुसता पाऊस नाही. कोयनेची वीज झाल्यावरचं अवजल वाशिष्ठीतच उतरतं, आणि खाली दाभोळच्या खाडीला भरती असली की पाणी शहरातच तुंबतं.

निळ्या रेषेच्या आत बांधायला बंदी आहे, निळ्या-लालच्या मधे बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा वर हवं. हे घर कुठल्या पट्ट्यात आहे, हा एवढाच आमचा प्रश्न होता. उत्तर मिळालं, “टोकन द्या, मग नकाशा दाखवतो.” योजनेत घरं सहाच. आठपर्यंत घरांच्या योजनेला रेरा म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यात नोंदणीतून सूट आहे, त्यामुळे महारेराच्या संकेतस्थळावर जाऊन कागद बघायचीही सोय नाही.

बिल्डरला मी काय सांगणार? तुम्हाला मात्र सांगू शकतो, कारण पानं तुमची आहेत. २०२१ च्या जुलैत बोटींतून माणसं बाहेर काढतानाचे फोटो तुमच्याच पहिल्या पानावर होते. आज आतल्या पानावर त्याच काठावरचं घर विकायला आहे आणि पाण्याचा उल्लेख फक्त ‘दर्शन’ म्हणून! नदीकाठच्या घराची जाहिरात घेताना दोन ओळी सक्तीच्या करा: घर कुठल्या पूररेषेत येतं, आणि २००५ व २०२१ ला तिथे किती फूट पाणी होतं. ओळींचे पैसे नेहमीच्या दराने लावा, आमची हरकत नाही. महाड, खेड, राजापूरच्या जाहिरातींनाही हाच नियम लावता येईल. सावित्री, जगबुडी, अर्जुना यांची पाणी दाखवायची रीत आमच्यापेक्षा वेगळी नाही.

भाचीने तूर्त दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने घेतलाय. बाल्कनी तिला अजून आठवते. येत्या रविवारी ती जाहिरात चौथ्यांदा आली, तर त्या दोन ओळी आम्ही आधी शोधू.

– एक वाचक, चिपळूण