न्युबिया ही इजिप्तची पुरवणी नव्हे

महोदय,

मराठी वृत्तपत्रांत प्राचीन इजिप्तविषयी वरचेवर लेख येतात. मात्र त्यांत न्युबियाचा, म्हणजे आजच्या दक्षिण इजिप्त आणि उत्तर सुदानमधील नाईलकाठच्या प्रदेशाचा, उल्लेख झालाच, तर सोने आणि हस्तिदंत पुरवणारा दक्षिणेकडचा मुलूख एवढ्यापुरताच होतो. ही दृष्टी जुनीच आहे. १९१३ साली सुदानमधील केर्मा येथे उत्खनन सुरू करणाऱ्या अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जॉर्ज राइस्नर यांनी तेथील भव्य थडगी इजिप्शियन सुभेदारांची ठरवली, कारण काळ्या वर्णाच्या स्थानिक राजांनी एवढे वैभव उभारले असेल हे त्यांच्या पचनी पडले नाही. पुढील संशोधनात ती त्या राजांचीच असल्याचे स्पष्ट झाले.

याच भूमीतील कुश राज्याचा राजा पिये याने इ.स.पू. आठव्या शतकात इजिप्त जिंकला आणि त्याच्या वंशजांनी तेथे फॅरो म्हणून राज्य केले. सुदानमधील जेबेल बर्कल येथे सापडलेल्या त्याच्या विजयलेखात एक प्रसंग आहे. शरण आलेल्या निमलोत या इजिप्तमधील स्थानिक राजाच्या तबेल्यात घोडे उपाशी दिसले, तेव्हा इतर कोणत्याही अपराधापेक्षा या गोष्टीचे दुःख आपल्याला अधिक झाले, असे पियेने सुनावले. विजयाच्या दर्पोक्तींनी भरलेल्या शिलालेखात हे मुद्दाम कोरावेसे वाटले, हे मला विलक्षण वाटते. पुढे कुशची नंतरची राजधानी असलेल्या मेरोएच्या लोकांनी रोमन सम्राट ऑगस्टसच्या पुतळ्याचे मस्तक एका मंदिराच्या पायरीखाली पुरले, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय त्यावर पडावा!

आस्वानच्या उंच धरणाच्या वेळी अबू सिंबेलचे मंदिर कापून वर हलवले गेले, याचे कौतुक आपण सर्वांनी वाचले आहे. आपल्या पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचे पथकही त्या बचावमोहिमेत बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली आफियेह येथे उत्खननास गेले होते. परंतु वाचवले गेलेले ते मंदिर न्युबियावर सत्ता गाजवणाऱ्या दुसऱ्या रामसेसचे होते, आणि सुमारे एक लाख न्युबियन धरणग्रस्तांची गावे मात्र पाण्याखाली गेली. सुदानमधील वादी हाल्फाच्या रहिवाशांना तर नाईलचा काठ सोडून दूर खश्म अल-गिरबा येथे जावे लागले.

एप्रिल २०२३ पासूनच्या सुदानमधील युद्धात खार्टूमचे राष्ट्रीय संग्रहालयही लुटले गेले. तूतनखामेनविषयीच्या पुढील लेखाआधी आपण या लुटीविषयी एखादा सविस्तर लेख छापावा, ही विनंती.

— एक वाचक, सातारा