आधी पायाचं बघ, मग तिकीट काढ

प्रिय मित्रा,

तू पासपोर्ट रिन्यू करायला टाकला असं वहिनीच्या मेसेजमधून कळलं, म्हणजे पुढच्या वर्षी तुमचं क्रूझचं खरंच पक्कं होऊन राहिलं, इतका आनंद झाला की लगेच फोन लावून पाहिला पण समुद्रात नेटवर्कचं काही खरं नसते. म्हणून हे लिहून राहिलो. लांबेल, पण पूर्ण वाच, कारण यातलं अर्धं तुझ्यासाठी, तुझ्या शुगरसाठीच आहे.

काल माल्टाला होतो, भूमध्य समुद्रातल्या त्या छोट्या बेटावर, व्हॅलेटा बंदरात. तू म्हणशील ३२-३३ डिग्रीचं काय कौतुक सांगतोस, आपण मे महिन्यात ४५ मध्ये नागपूरच्या बर्डीवर फिरणारी माणसं. पण बे, आपलं ऊन कोरडं. घाम आला कधी आणि वाळला कधी कळत नाही, डोक्याला दुपट्टा बांधला, पन्हं घेतलं की माणूस निघते कामाला. इथं चारी बाजूंनी समुद्र, घाम अंगावरच राहते. माझे मोजे सकाळीच ओले झाले ते दिवसभर वाळलेच नाहीत, आणि ओली कातडी नरम पडते, त्यावर बूट घासला की फोड ठरलेला. वरून पूर्ण शहर पिवळसर चुनखडीच्या दगडाचं, भिंती तेच, पायऱ्या तेच, ऊन वरून लागते तसं खालूनही लागते. गर्मीनं पाय सुजतात ते वेगळंच. जहाजावर एसी आणि गालिच्यावरून चालायची सवय झालेली असते, उतरल्या उतरल्या दगडावर इतकं चालणं पायाला झेपत नाही.

शहराची रचनाच तशी आहे. १५६५ मध्ये तुर्कांनी माल्टाला मोठा वेढा घातला होता, तो मोडून काढल्यावर तिथं राज्य करणाऱ्या सेंट जॉन पंथाच्या ख्रिस्ती सरदारांनी १५६६ मध्ये हे शहर समुद्रात घुसलेल्या टेकडीच्या सोंडेवर नव्यानं बांधायला घेतलं. मधला रिपब्लिक स्ट्रीट माथ्यावरून जाते, तो बऱ्यापैकी सपाट, पण बाजूच्या गल्ल्या दोन्हीकडं पाण्याच्या दिशेनं उतरतात, कुठं उतार तर कुठं नुसत्या पायऱ्याच पायऱ्या. उतरताना बोटं बुटाच्या टोकात दाबली जातात आणि चढताना टाच सोलते. तुझी वहिनी पुढं आणि मी मागं, सेंट जॉन चर्च बघून झालं (कॅराव्हॅजिओ या इटालियन चित्रकाराचं १६०८ चं मोठं चित्र आहे तिथं, त्याची सही असलेलं एकमेव, त्यासमोर मी बराच वेळ उभा होतो आणि पायाचं भानच राहिलं नाही). त्या चर्चची जमीन म्हणजे सरदारांच्या रंगीत संगमरवरी समाध्या, सगळीकडं, म्हणून टोकदार टाचेच्या चपला आत चालत नाहीत. दगड जपतात इतका.

बाहेर आलो आणि एकदम लंगडायलाच लागलो. एका दाराच्या सावलीत पायरीवर बसलो, तुझ्या वहिनीनं बूट काढला, मोजा टाचेला चिकटला होता, तो पाणी टाकून टाकून हळूहळू सोडवला. टाचेच्या आतल्या बाजूला चांगला रुपयाएवढा फोड, अर्धा फुटलेला, आणि करंगळीची कातडी पांढरी पडून सुटलेली. हवा लागली तशी पूर्ण पोटरीपर्यंत आग झाली.

जवळच मेडिकल होतं. काउंटरवरच्या बाईनं पाय बघायच्या आधी एकच प्रश्न विचारला, शुगर आहे का? नाही म्हटल्यावरच तिनं फोडावर लावायची ती जाड मऊ पट्टी दिली, फोड फोडू नका, वरची कातडी काढू नका म्हणाली. मी विचारलं, असती तर? तर म्हणे मी काहीच दिलं नसतं, आधी डॉक्टरला दाखवा म्हटलं असतं, आणि कुरूप काढायच्या ज्या ॲसिडवाल्या पट्ट्या मिळतात त्या तर शुगरवाल्यांनी हातात पण घेऊ नये.

मित्रा, तिथंच मला तू आठवला. मागच्या उन्हाळ्यात तू टेकडीच्या गणपतीला भर दुपारी तापलेल्या फरशीवरून अनवाणी चालला, तळवा भाजला आणि तुला पत्ताच नाही, दोन दिवसांनी वहिनीला चादरीवर डाग दिसला तेव्हा कळलं. मला काल टाच दुखली म्हणून मी थांबलो. तुला दुखणारच नाही. शुगरनं नसा बधिर होतात, फोड आला तरी तू आणखी चार किल्ले चढशील, जखम बूट काढल्यावर दिसेल आणि भरायला महिने घेईल. याची मला खरंच भीती वाटते बे.

दुपार मग आम्ही अप्पर बराक्का नावाच्या बागेतच काढली, आणि ती पूर्ण सफरीतली सगळ्यात चांगली दुपार झाली. कमानीखाली सावली, समुद्रावरून वारं, खाली पूर्ण ग्रँड हार्बर आणि पलीकडं सेंट अँजेलोचा किल्ला. पाय बाकावर वर करून ठेवले तशी सूज उतरत गेली. पास्तिझी खाल्ल्या, वाटाण्याचं सारण भरलेल्या, पापुद्रे सुटणाऱ्या, गरमागरम. आणि किन्नी नावाचं तिथलं थंड पेय, कडू संत्र्याचं बनवतात, पहिल्याच घोटाला आपल्या संत्र्याची साल नखानं सोलल्यासारखा वास आला. तुझ्यासाठी बिनसाखरेची पण मिळते. चार वाजता खालच्या तोफखान्यातून तोफ उडते, दुपारी बाराला पण उडते, ती बसल्या जागेवरून बघितली. परत जायला पायऱ्या उतरायची गरजच नाही, बागेतूनच लिफ्ट आहे, जवळपास ५८ मीटर सरळ खाली, तिथून जहाज थोड्या अंतरावर.

म्हणजे तू यायचंच, घरी बसायचं नाही. पण माझं ऐक. बूट संध्याकाळी घे, पाय तेव्हा थोडे फुगलेले असतात, बर्डीवर सकाळी माप दिलेला बूट इथं दुपारी चावते. अर्धा इंच जागा पुढं पाहिजे. आणि आतापासून घालून अंबाझरीला फिरायला जा, नवे बूट बॅगेत टाकून आणू नको. दोन मोज्यांचे जोड रोज सोबत, दुपारी बदलायचे. घालायच्या आधी बुटात हात घालून बघायचं, खडा असला तरी तुला कळणार नाही. रात्री तळवे वहिनीला दाखव नाहीतर आरशात बघ, बोटांच्या मधलं कोरडं कर. जहाजाच्या डेकवर पण अनवाणी फिरायचं नाही, स्विमिंग पूलजवळ जमीन चांगलीच तापते. गवतावर अनवाणी चालायचं ते पण आता बंद कर रे, कोण काय म्हणते ते सोड.

डॉक्टरकडं गेला की पायाची तपासणी मागून घे, तळव्याला नायलॉनचा धागा टेकवून बघतात किती कळते ते, काही दुखत नाही. आणि तीन महिन्यांच्या शुगरचा रिपोर्ट किती आला ते मला आकड्यात कळव, "ठीक आहे" असं लिहू नको.

वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच