पटर बदलण्याआधी दोरी बांधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगली-साताऱ्यात गोल्फ खेळणारे थोडे, आणि अठरा होलच्या मैदानासाठी त्यातल्या बहुतेकांना पुणे गाठावे लागते. सांगलीहून जाणाऱ्याचा सगळा दिवस त्यातच जातो. तिथे मिळालेला सरावाचा वेळ लांब फटके मारण्यात संपतो आणि परतताना तक्रार ठरलेली असते: ग्रीनपर्यंत, म्हणजे होलभोवतालच्या बारीक कापलेल्या गवतापर्यंत, सगळे ठीक होते, पुढे पट (चेंडू घरंगळवत होलमध्ये टाकण्याचा हलका फटका) बसेना. मग नवा पटर, म्हणजे पट मारण्याची काठी, घेतला जातो. तो जुना होतो, तिसरा येतो, तरी तीन फुटांवरचा चेंडू होलच्या काठाला घासून निघून जातोच. पटिंग हा गोल्फचा असा भाग आहे की तो मैदानापासून लांब, घरातल्या सतरंजीवर निम्म्याहून अधिक सुधारता येतो, आणि खर्च जवळपास नसतो. हे आपल्या वाचकांपुढे यावे म्हणून हे सविस्तर पत्र.

पार 72 च्या, म्हणजे अठरा होल 72 फटक्यांत संपवणे अपेक्षित असलेल्या, मैदानाच्या हिशेबात प्रत्येक होलला दोन, म्हणजे 36 पट धरलेले असतात. खेळाचा एवढा मोठा हिस्सा सरावातून वगळून कसे चालेल?

चेंडू होलमध्ये न जाण्याची कारणे तीनच. निघतानाची दिशा चुकली, वेग चुकला, किंवा उताराचा अंदाज चुकला. यातले आपले कारण कोणते हे ठाऊक नसताना पटर विकत घेणे म्हणजे नाडी न बघता औषध घेणे. म्हणून आधी दिशा तपासावी. होलचा व्यास सव्वाचार इंच म्हणजे 108 मिलिमीटर असतो. पटरचे तोंड चेंडूला लागताना फक्त एक अंश वाकडे असले तर 10 फुटांवर चेंडू जवळपास 2 इंच बाजूला जातो, म्हणजे मधोमध जाणारा चेंडू थेट काठावर पोहोचतो. दोन अंश वाकडे असले तर होलशी संबंधच उरत नाही. पटर कोणत्या वाटेने आला यापेक्षा लागण्याच्या क्षणी त्याचे तोंड कुठे होते, यावरच चेंडूची सुरुवातीची दिशा मुख्यतः ठरते. डोळ्यांना एक अंश दिसत नाही, म्हणून मोजायला साधन हवे.

साधन कापडाच्या दुकानात असते. एक मीटर लांब, इंचभर रुंद अशी धातूची सपाट मीटरपट्टी जमिनीवर ठेवावी, तिच्या एका टोकावर मधोमध चेंडू ठेवावा आणि पट मारावा. चेंडू पट्टीवरून न घसरता दुसऱ्या टोकापर्यंत गेला तर दिशेची चूक पाऊण अंशाच्या आत आहे. दहांपैकी आठ वेळा हे जमले तर दिशेचा प्रश्न मिटला, दुसरीकडे बघा. दहांपैकी तीनच जमले तर चेंडू कोणत्या बाजूला पडतो ते लिहून ठेवा. सतत एकाच बाजूला पडत असेल तर दोष उभे राहण्यात किंवा नेम धरण्यात असतो. कधी डावीकडे, कधी उजवीकडे पडत असेल तर दोष हातात असतो, बहुधा मनगटात.

उभे राहणे तपासायला गवंड्याची अवजारे पुरतात. पाणसळ ठेवून जमिनीचा सपाट पट्टा शोधावा. दोन खुर्च्यांच्या पायांना लाइनदोरी जमिनीपासून पाच-सहा इंचांवर ताणून बांधावी आणि चेंडू बरोबर तिच्या खाली ठेवावा. आता नेहमीसारखे उभे राहून दोन भुवयांच्या मधून ओळंबा सोडावा. तो चेंडूवर किंवा चेंडूच्या आत, पायांच्या बाजूला इंचभर पडावा. चेंडूच्या पलीकडे पडला किंवा फारच आत पडला तर डोळ्यांना रेषा तिरकी दिसते आणि खेळाडू सरळ रेषेला वाकडी समजून हात वळवतो. दोरी हे लगेच दाखवते, कारण पटरच्या डोक्यावरची रेघ दोरीशी जुळते की नाही ते वरून स्पष्ट दिसते. खांदे दोरीला समांतर हवेत. पाय थोडे उघडे, म्हणजे होलकडे वळलेले, असले तरी चालतात, खांदे उघडे असलेले चालत नाहीत. चेंडू छातीच्या मध्यापेक्षा एक चेंडूभर पुढच्या पायाकडे ठेवावा.

आता पटरकडे. दुकानात तयार मिळणारा पटर बहुतेक 34 किंवा 35 इंचांचा असतो आणि आपल्याकडच्या साधारण उंचीच्या माणसाला तो अनेकदा लांब पडतो. लांब पटर घेतला की माणूस चेंडूपासून दूर उभा राहतो, ओळंबा आत पडतो, आणि पटरचे पुढचे टोक वर उचलले जाते. नेहमीच्या पवित्र्यात उभे राहिल्यावर दुसऱ्याने त्या टोकाखाली एक रुपयाचे नाणे सरकवून बघावे. नाणे सहज निम्म्याच्या आत शिरले तर पटर लांब आहे किंवा त्याच्या शाफ्टचा (दांड्याचा) डोक्याशी असलेला कोन जास्त उभा आहे. आधी ग्रिपवर इंचभर खाली धरून पंधरा दिवस खेळावे, फरक पडला तरच शाफ्ट कापावा. कापताना वरून, ग्रिप काढून, पाइप कटरने कापावा, हॅकसॉने कड फाटते. इंचभर कापले की डोके हलके वाटू लागते, त्यासाठी तळाला शिशाची चिकटपट्टी लावून वजन भरून काढावे. लहान मुलांना वडिलांचा पटर कापून देणे मात्र टाळावे. लांबी कमी होते, डोक्याचे वजन तेवढेच राहते, आणि ते पेलताना मुलाचे मनगट फटक्यात हमखास वाकते. मोठेपणी ती सवय सोडवणे फार कठीण जाते.

पटरचे तोंड अगदी उभे नसते, त्याला साधारण 3 ते 4 अंशांचा लॉफ्ट, म्हणजे मागे कललेला कोन, असतो. चेंडू गवतात किंचित रुतलेला असतो, त्याला वर काढून घरंगळायला लावण्यासाठी तेवढा कोन लागतो. फटक्याआधी हात फार पुढे दाबले तर हा कोन नाहीसा होतो, चेंडू गवतात दाबला जातो आणि टुणकन उडतो. हात मागे राहिले तर कोन वाढतो आणि चेंडू हवेतून निघतो. दोन्हींत वेगाचा हिशेब बिघडतो.

शाफ्ट एका बोटावर आडवा तोलून बघा. तोंड आकाशाकडे राहिले तर तो पटर सरळ मागे-पुढे जाणाऱ्या हाताला बरा. टोक खाली झुकले तर कमानीत फिरणाऱ्या हाताला. ब्रँड आणि किंमत यापेक्षा हा मेळ महत्त्वाचा आहे. चेंडू मधोमध लागतो का, हे बघायला पटरच्या तोंडाला कॅरमची पावडर चोळावी. प्रत्येक फटक्यानंतर पावडरीत ठिपका उमटतो. ठिपके टोकाकडे अर्धा इंच सरकलेले दिसले तर आपले पट अखूड का राहतात याचे उत्तर तिथेच मिळते, कारण डोके पिळते आणि जोर वाया जातो. खरा मध्य शोधायला ग्रिप दोन बोटांत धरून पटर लोंबता सोडावा आणि तोंडावर नाण्याने टिचकी मारत जावे. जिथे डोके न पिळता सरळ मागे जाते तो मध्य. वरच्या रेघेशी तो नेहमी जुळतोच असे नाही.

दिशा सुधारली तरी तीन-तीन पट पडत असतील तर दोष वेगाचा आहे. 30 फुटांच्या पटमध्ये दिशा दोन फूट चुकणारा खेळाडू विरळा, पण सहा फूट अखूड ठेवणारे पावलोपावली भेटतात. याचे कारण बहुतेकांच्या बाबतीत एकच: पटर खूप मागे नेला जातो, मग जोर जास्त होईल या भीतीने पुढे येताना हात आवरता घेतला जातो. त्या आवरण्यातच तोंडही वळते, म्हणजे एका चुकीतून दोन. मागे जाताना मनात ‘एक-दोन’ आणि चेंडूला लागताना ‘तीन’ म्हणावे. पट लहान असो की मोठा, ही लय तीच ठेवावी, बदलावी ती फक्त मागे नेण्याची लांबी. पकड इतकी सैल असावी की दुसऱ्याने पटर ओढला तर तो कष्टाविना निघावा.

घरी हा सराव फरशीवर करू नये. तिथे चेंडू घरंगळण्याऐवजी घसरतो. जाड सुती सतरंजी ताणून अंथरली की बरा वेग मिळतो. ग्रीनचा वेग ज्याने मोजतात ते स्टिम्पमीटर म्हणजे 36 इंचांची खाचेची पट्टी. एडवर्ड स्टिम्पसन यांनी 1935 मध्ये त्याची कल्पना मांडली. पट्टी साधारण 20 अंश उचलली की चेंडू सुटतो आणि जेवढे फूट जातो तो त्या ग्रीनचा वेग. घरी तीन फुटांचा अ‍ॅल्युमिनियमचा एल अँगल घ्यावा, खालच्या टोकापासून 30 इंचांवर खूण करून ती खूण सव्वादहा इंच उंच येईल असे पुस्तकांवर टेकवावे आणि तिथून चेंडू सोडावा. एल अँगलच्या खोल खाचेमुळे वेग वेगळा पडतो, म्हणून क्लबच्या आकड्याशी तुलना करू नये. पण आपली सतरंजी आणि सरावाचे ग्रीन यांतला फरक त्याने नेमका कळतो. मात्र ग्रीनवर खेळाआधी परवानगी घेऊनच हे करावे. फेरी सुरू असताना चेंडू घरंगळवून किंवा गवत चोळून ग्रीनची परीक्षा घेणे नियमाबाहेर आहे.

होलच्या पुढे चेंडू फूट-दीड फूट गेला असता, एवढा वेग योग्य. अगदी होलच्या तोंडाशी थांबेल असा मारला तर शेवटच्या फुटात बुटांच्या खुणा आणि गवताचा प्रत्येक खड्डा त्याला वळवतो. फार जोरात मारला तर होल जणू लहान होतो, काठाला लागलेला चेंडू आत पडत नाही.

उताराबद्दल थोडक्यात. बर्म्युडा गवतात पाती एका दिशेला झुकलेली असतात. गवत चमकदार दिसले तर ते आपल्यापासून दूर झुकले आहे, चेंडू पळेल. गडद दिसले तर समोरून येते आहे, चेंडू अडेल. शंका असेल तर होलची कड बघावी. जी बाजू करपलेली, विस्कटलेली दिसते तिकडे गवत झुकलेले असते. पावसात भिजलेल्या ग्रीनवर वेग कमी आणि वळणही कमी, हे विसरून उन्हाळ्यातला हिशेब लावला जातो. 2019 पासून ग्रीनवरच्या बुटांच्या खुणा दाबून दुरुस्त करायला आणि झेंड्याची काठी होलमध्येच ठेवायला परवानगी आहे, तिचा उपयोग करावा.

मनाचा भाग शेवटी लिहितो आहोत, पण जिव्हाळ्याचा हाच आहे. सहा फुटांवरचा पट चुकला म्हणून मुलांना मैदानाबाहेर रागावणारे पालक दिसतात. त्यांना कळकळीने सांगायचे आहे, की 8 फुटांवरून जगातले अव्वल व्यावसायिकही साधारण निम्मेच पट टाकतात. आपल्या मुलाचा चुकला तर तो गुन्हा नाही. रागावल्याने पुढच्या पटला त्याचे डोळे चेंडूवर न राहता आधीच होलकडे, म्हणजे तुमच्या चेहऱ्याकडे वळतात आणि खांदा उघडतो. डोळे चेंडूच्या जागी स्थिर ठेवून चेंडू पडल्याचा आवाज कानांनी ऐकायला शिकवा. प्रत्येक पटआधी तेच करायला लावा: मागून रेषा बघणे, दोन कोरे झोके, एकदा होलकडे नजर, आणि मग फटका. वीस-पंचवीस सेकंदांत हे संपावे. उभे राहून जितका वेळ जातो तितके हात आखडतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आलेली, पदकापासून एकाच फटक्याने दूर राहिलेली अदिती अशोक लांब फटक्यांत अनेकींच्या मागे होती. पटरच्या बळावर ती तिथवर पोहोचली.

काहींचा प्रश्न याहून वेगळा असतो. दोन-तीन फुटांवर, लागण्याच्या क्षणी मनगट आपोआप झटका देते. चेंडू काढून घेतला की तोच झोका लोण्यासारखा जातो. याला यिप्स म्हणतात. काही जणांत हा मज्जासंस्थेचा विकार असतो, लिहिताना लेखनिकाचा हात आखडतो किंवा वादकाची बोटे ऐकेनाशी होतात तसा. अशांना ‘मन घट्ट कर’ सांगणे निरुपयोगी आहे. पकड पूर्ण बदलणे हा जास्त उपयोगी मार्ग. डावा हात खाली घ्यावा, किंवा उजव्या हाताची पेन धरल्यासारखी पकड करावी, म्हणजे मेंदूला जुनी वाट सापडत नाही. जर्मनीचे बर्नहार्ड लँगर यांना हा त्रास अनेकदा झाला. ते पकडी बदलत राहिले आणि 1985 व 1993 अशी दोन वेळा मास्टर्स ही गोल्फची मोठी स्पर्धा जिंकले. लांब पटर छातीला किंवा पोटाला टेकवून मारणे मात्र 1 जानेवारी 2016 पासून नियमाबाहेर आहे, जुने व्हिडिओ पाहून ते शिकू नये.

जिल्ह्यातल्या शाळा आणि क्रीडा मंडळांना एक विनंती. 10 बाय 20 फुटांचा सरावाचा पट्टा एखाद्या वर्गखोलीएवढ्याही जागेत बसत नाही असे नाही. खऱ्या गवताच्या नादी लागू नका, ते रोज काही मिलिमीटरवर कापावे लागते आणि त्याचे यंत्र परवडत नाही. फुटबॉलच्या लांब धाग्यांचे टर्फ (कृत्रिम गवत)ही नको, चेंडू त्यात बुडतो. 12 ते 15 मिलिमीटर दाट धाग्याचे टर्फ घ्यावे आणि त्यात बारीक, कोरडी, चाळलेली वाळू झाडूने भरावी. जितकी वाळू जास्त, तितका वेग जास्त. होलसाठी हार्डवेअरच्या दुकानातला 110 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप पुरतो. आतून तो खऱ्या होलपेक्षा थोडा लहानच भरतो, सरावाला ते चांगले. चार इंच खोल बसवावा, वरची कड टर्फच्या किंचित खाली ठेवावी, आणि तळाला पाणी जायला भोक पाडून खाली खडी घालावी. नाहीतर जुलैत त्यात पाणी साचून राहील.

आपले,
पटिंगचा सराव घेणारे काही वाचक
विश्रामबाग, सांगली