वाकळेचं टोक धरणाऱ्या हातांचे आभार

मराठवाड्यातल्या ओसऱ्यांवर दुपारच्या वाकळा, म्हणजे जुन्या कापडांच्या गोधड्या, शिवत बसणाऱ्या, आणि कुणी न बोलावता शेजारणीच्या वाकळेचं टोक धरणाऱ्या मावश्या-आज्यांचे जाहीर आभार. तुमची नावं कुठंच लिहिलेली नसतात.

आतल्या थराला जुनं सुती लुगडं नाहीतर धोतरच घ्यायचं, हे तुमच्यामुळंच कळतं. नवं कोरं कापड जुन्यात मिसळलं की पहिल्या धुण्यात ते आटतं अन् सगळी वाकळ गोळा होते. थर 4-5 पुरे. जास्त घातले तर सुई जाईना, मग दाभण लागतो आणि त्याची भोकं पुढं फाटत जातात.

खरी मेख कच्च्या टाक्यात. वीत-वीत अंतरावर आधी तो घातला नाही, तर थर आतल्या आत सरकतात. मग काठाकडून मध्याकडं धावदोरा, टाका तांदळाच्या दाण्याएवढा, दोन ओळींत बोटभर अंतर. दर ओळीला तळहात फिरवून झोळ पुढं सारायचा. दोरा हातभरच ओवायचा. लांब दोऱ्याला गाठी पडतात आणि कापडातून ओढून ओढून तो झिजतो. मशीनवरची शिवण सरळ येते खरी, पण अंगावर ती ताठच वाटते.

चिंध्या राखून ठेवणारे शिंपीदादा, आजीला सुई ओवून देणारी पोरं, तुमचेही आभार. आणि धुणाऱ्यांनो, वाकळ पिळू नका, टाके तुटतात. बाजेवर टाकून निथळू द्या.