आठ क्लब, पण अपयशे किती?

महोदय,

इटलीच्या तिसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या एका मध्यरक्षकाची ओळख आपल्या क्रीडा पानावर वाचली. अशा खेळाडूला मराठी पानात जागा मिळाली याचा आनंद आहे, पण ‘बारा वर्षांत आठ क्लब बदलले, कुठेच पाय रोवता आले नाहीत’ हे वाक्य खटकले. क्लब मोजायला चूक झालेली नसेल. खालच्या श्रेणीतल्या कारकिर्दीचा तक्ता वाचायची रीत मात्र वेगळी आहे.

मोठ्या क्लबच्या युवा संघातला मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा झाला की त्याला सहसा उसना दिला जातो. तिकडे याला ‘प्रेस्तितो’ म्हणतात. मुदत ३० जूनपर्यंत. १ जुलैला नवे गाव, जानेवारीत बाकावरच बसून असेल तर तिसरे. तक्त्यात तीन ओळी दिसतात, पण करार एकाच क्लबशी असतो. २०१५पर्यंत तर अर्ध्या-अर्ध्या मालकीची पद्धतही होती. खेळाडूचे हक्क दोन क्लबांत निम्मे-निम्मे, आणि जूनमध्ये एकमत झाले नाही तर दोघांनी बंद लिफाफ्यात रक्कम लिहून द्यायची. ज्याचा आकडा मोठा, त्याचा खेळाडू. ज्याच्यावर बोली लागली त्याला त्यात काही म्हणायची सोय नव्हती.

इटलीचा मध्यरक्षक जॉर्जिन्होचेच बघा. २०१०-११मध्ये तो व्हेरोनाकडून साम्बोनिफाचेसे या छोट्या क्लबकडे उसना गेला होता. तेव्हाच्या चौथ्या श्रेणीत ३१ सामने, १ गोल. जानेवारी २०१४मध्ये नापोलीने त्याची निम्मीच मालकी घेतली, उरलेली निम्मी नंतर. २०२१मध्ये तो चेल्सीकडून चॅम्पियन्स लीग आणि इटलीकडून युरो जिंकला. २०११च्या उन्हाळ्यात कुणी त्याचा तक्ता वाचला असता, तर त्याच्यावरही काही फारसे बरे लिहिले नसते.

श्रेणींच्या नावांनीही घोटाळा होतो. २००८पर्यंत तिसरी श्रेणी सेरी सी१ आणि चौथी सेरी सी२ होती. मग त्यांचीच नावे लेगा प्रोचा पहिला आणि दुसरा विभाग अशी झाली, २०१४मध्ये दोन्ही एकत्र करून नुसती लेगा प्रो, आणि २०१७पासून पुन्हा सेरी सी. त्यामुळे ‘सी२मधून लेगा प्रोत’ गेलेला खेळाडू वर चढला असेलच असे नाही. पाटी बदलली, तो तिथेच राहिला, असेही असते. एकेकाळी सी१ आणि सी२ मिळून ९० क्लब होते, आता ६० आहेत. म्हणजे एक तृतीयांश व्यावसायिक नोकऱ्या गेल्या, त्यात उरलेल्या साठांत युव्हेंटस, अटलांटा, इंटर यांचे राखीव संघही येऊन बसले. या साठांतून दरवर्षी वर जातात फक्त चार: तीन गटांचे तीन विजेते आणि २८ संघांच्या प्लेऑफमधून एक. खाली जातात नऊ.

‘क्लब बदलला’ हे शब्द सर्वांत फसवे ठरतात ते क्लबच बुडाला असेल तिथे. दर उन्हाळ्यात परवान्यासाठी क्लबला पगार, कर आणि विम्याचे हप्ते भरल्याचे कागद आणि बँक हमी दाखवावी लागते. त्यात कमी पडला की गुणांची वजाबाकी, फारच कमी पडला की थेट बाहेर. प्रो प्याचेन्झाच्या खेळाडूंना महिनोन्‌महिने पगार मिळाला नाही, ते निघून गेले, आणि १७ फेब्रुवारी २०१९ला कुनेओविरुद्ध हा क्लब जेमतेम सात जणांवर उतरला, तेही बहुतेक पोरसवदा. सातापेक्षा कमी असते तर सामनाच झाला नसता. निकाल २०-०. लगेच क्लब स्पर्धेबाहेर. कातानिया एप्रिल २०२२मध्ये हंगाम संपता संपता बाहेर गेला, तेव्हा त्याच्या सगळ्या सामन्यांचे गुण गुणतक्त्यातून पुसले गेले. अशा क्लबचा मध्यरक्षक कागदोपत्री मोकळा होतो, पण बाकीच्यांचे संघ तेव्हा भरलेले असतात. मग मिळेल तिथे, एक पायरी खाली. तक्त्यात ती पुढची ओळ उतरण म्हणून दिसते.

आणि ती पायरी साधी नाही. इटलीच्या कायद्याने सेरी सी व्यावसायिक आहे, तिच्या खालची सेरी डी हौशी. १९८१च्या कायद्याचे नोकरदाराचे संरक्षण डीमध्ये लागू नव्हते. १ जुलै २०२३पासून तिथल्या खेळाडूंना ‘क्रीडा कामगार’ म्हणून मान्यता मिळाली. शिवाय डीमध्ये ठरावीक जन्मवर्षांचे काही तरुण मैदानात सतत ठेवावेच लागतात. बहुतेक प्रशिक्षक ही सक्ती गोलरक्षक आणि दोन्ही कडेच्या बचावपटूंवर भागवतात. मधली जागा तिशीतल्या मुरलेल्या गड्याला देतात. त्यामुळे एकवीस-बावीस वर्षांच्या मध्यरक्षकाची कोंडी होते: तरुणांच्या कोट्यातून तो बाहेर पडलेला आणि अनुभवात कमी. कित्येकांची कारकीर्द इथेच अडते, पायातल्या खेळामुळे नव्हे.

गोलांच्या रकान्याबद्दलही थोडे. ‘मध्यरक्षक’ हा आपला शब्द तिकडच्या तीन वेगळ्या कामांवर पांघरूण घालतो. बचावफळीच्या पुढे उभा राहून चेंडू हिसकावणारा मेदियानो, तिथूनच खेळाची दिशा ठरवणारा रेजिस्ता, आणि बाजूने धावत प्रतिस्पर्ध्याच्या पेनल्टी क्षेत्रात घुसणारा मेझाला. गोलांचा हिशेब मागायचाच असेल तर तो मेझालाकडे मागावा. मेदियानोच्या नावापुढे ३१ सामन्यांत शून्य असेल तर त्यात दोष शोधू नये.

उलट बाजूही सांगायला हवी. मध्यरक्षक फ्रांचेस्को मान्यानेल्ली २००५मध्ये सासुओलोत आला तेव्हा हा क्लब सी२मध्ये होता. २००६मध्ये सी१, २००८मध्ये प्रशिक्षक आलेग्रीच्या हाताखाली दुसरी श्रेणी सेरी बी, २०१३मध्ये सर्वांत वरची सेरी ए, २०१६मध्ये युरोपा लीग. सेरी एमध्ये पहिल्यांदा खेळला तेव्हा तो २८ वर्षांचा होता. २०२२मध्ये निवृत्त झाला तोपर्यंत त्याच क्लबकडून पाचशेहून अधिक सामने. तक्त्यात सतरा हंगाम, एकच नाव! त्याची निष्ठा मोठीच, पण मागे मापेई कंपनीचे मालक जॉर्जो स्क्विन्झी होते, क्लबचे पगार थकत नव्हते आणि क्लब स्वतःच वर चढत होता, हेही लिहायला हवे. सीमधल्या बहुतेकांच्या नशिबी असा मालक नसतो.

बुडालेल्या क्लबचे उदाहरण पुण्याच्या वाचकांना तर जवळचेच आहे. २०१४मध्ये एफसी पुणे सिटीशी भागीदारी करणारा इटलीचा फिओरेंतिना त्याच्या बारा वर्षे आधी दिवाळखोरीत गेला होता आणि २००२-०३चा हंगाम ‘फ्लोरेंतिया व्हियोला’ या नावाने सी२मध्ये खेळला. त्या हंगामाची ओळ ज्या खेळाडूंच्या तक्त्यात आहे, त्यांच्यापुढे क्लबचे नाव वेगळे दिसते. शहर आणि जांभळा रंग तेच.

एक छोटी सूचना. पुढच्या वेळी असा तक्ता छापाल तेव्हा उसनवारीचे हंगाम मूळ क्लबच्या ओळीखाली आत ओढून द्यावेत आणि बुडालेल्या क्लबांपुढे फुली मारावी. जागा तेवढीच लागेल.

– एक वाचक, कोथरूड, पुणे